ग्वाल्हेरचे शून्य

गणिताचा इतिहास लिहिणाऱ्या परदेशी पंडिताला ग्वाल्हेर ठाऊक असते, ते एका शून्यामुळे. किल्ल्याच्या पूर्वेकडील चढावर, खडकात कोरलेल्या इवल्याशा चतुर्भुज मंदिरात इ. स. 876 चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेची लांबी 270 हात, रुंदी 187; रोजच्या माळा 50. त्यातली शून्ये आजच्यासारखीच वाटोळी, जरा लहान एवढेच!

बाहेरगावचा पाहुणा मात्र तानसेनाची समाधी विचारतो, जयविलासातली झुंबरे विचारतो. संगीताची कीर्ती खोटी नव्हे. 2023 साली युनेस्कोनेही ती मानली. पण पाहुण्याला दोष कसा द्यावा? मोटार पश्चिमेच्या उरवाई दरवाजाने वर चढते. मंदिर राहते दुसऱ्या अंगाला. आणि त्याला मोटारीत बसवून देणारी आम्ही लष्करची मंडळीच असतो.