एक छोटीशी अडचण

24 जून 1982 च्या रात्री लंडनहून मुंबई, क्वालालंपूर करत ऑकलंडकडे निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या जम्बोची चारही इंजिनं जावा बेटाजवळ एकामागोमाग बंद पडली. कॅप्टन एरिक मूडींनी प्रवाशांना शांतपणे सांगितलं, की एक छोटीशी अडचण आहे, चारही इंजिनं थांबली आहेत, ती सुरू करण्याची पराकाष्ठा चालू आहे, तुम्ही फार काळजीत नसाल अशी आशा. मोठी अडचण म्हणायला मग काय, पंख गळायला हवे होते?

दोष होता गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेचा. हवामानाचं रडार ढगातलं पाणी टिपतं; कोरडी राख त्याला दिसत नाही. राखेतले सिलिकेटचे कण इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत वितळले, पुढे पात्यांवर थिजले आणि हवेची वाट कोंडली. गंमत म्हणजे (ही गंमत जमिनीवर बसूनच वाटते) इंजिनं बंद पडली म्हणूनच वाचली. गार झालेला लेप तडकून सुटला, विमान तरंगत राखेखाली आलं आणि इंजिनं पुन्हा धडधडली.

मध्येच सहवैमानिकाचा ऑक्सिजन मास्क तुटला, म्हणून मूडींना मोलाची उंची खर्चून विमान झपाट्याने खाली आणावं लागलं. जाकार्ताला उतरताना समोरची काच राखेने घासून आंधळी झालेली. दिसायला कडेची चिंचोळी फट. या उतरण्याला मूडींनी पुढे दिलेली उपमा एका रानटी जनावराच्या मागच्या बाजूशी संबंधित आहे, ती इथे छापता येत नाही. विमानातले सगळे सुखरूप उतरले.

आज राखेवर नजर ठेवणारी नऊ केंद्रं जगभर आहेत. जावाचं आकाश ऑस्ट्रेलियातलं डार्विन पाहतं.