बसणं वर्ज्य

सिल्वासाच्या सिव्हिल हॉस्पिटलला विनोबांचं नाव आहे. तिथल्या हाडांच्या ओपीडीत माझी कमर मला अधूनमधून नेते. शेजारी एखादा वारली पोरगा खुबा धरून बसलेला असतो. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ऐन विशीत हाड मरायला लागतं. नंबर लागेपर्यंत माझा जुना नाद डोकं वर काढतो: थोरामोठ्यांची हाडं. चरित्र हाती आलं की आधी मी दुखणं शोधतो, पुरस्कार मागाहून.

नावं पुष्कळ. २००२ साली अँटिग्वात जबडा मोडलेला असताना कुंबळेनं डोक्याला पट्टी बांधून १४ षटकं टाकली, लाराला बाद केलं. सचिनच्या कोपरावर २००५ साली लंडनला शस्त्रक्रिया झाली. पण टेनिस एल्बो हे हाडाचं नव्हे, कंडरेचं दुखणं, म्हणून माझ्या यादीत ते काठावर पास. वाजपेयींचे गुडघे २००० आणि २००१मध्ये ब्रीच कँडीत डॉ. चित्तरंजन राणावतांनी बदलले. झालं. मला लिहायचंय ते कुष्ठरोग्यांसाठी आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमट्यांच्या कण्याबद्दल.

बाबांना बसता येत नसे. उभं राहायचं, चालायचं, नाहीतर आडवं व्हायचं. मानेच्या नि कमरेच्या मणक्यांची झीज, म्हणजे स्पाँडिलोसिस. मणक्यांमधली चकती सुकून चपटी होते, कडांना हाडाचे काटे फुटतात, नसा दाबल्या जातात. पण बसणंच का वर्ज्य? स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी १९६०च्या दशकात जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं असण्यापेक्षा बसल्यावर कमरेच्या चकतीवर भार जास्त, आडवं झाल्यावर सगळ्यांत कमी. आपण दमलो की बसतो. कण्याला ती विश्रांती नव्हेच.

असा कणा घेऊन सत्तरी ओलांडलेले बाबा १९८५च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. 'भारत जोडो'ची तरुण मंडळी सायकलींवर, बाबा गाडीतल्या बिछान्यावर. १९८८मध्ये पुन्हा, अरुणाचलातून थेट ओख्यापर्यंत. १९९०मध्ये आनंदवन सोडून नर्मदाकाठी कसरावदला मुक्काम हलवला. चरित्रकार या प्रवासांवर पानंच्या पानं लिहितात आणि पाठीला दोन ओळी देतात. मला हे मुळीच पटत नाही. त्या बिछान्याशिवाय ही यात्रा कळत नाही.

आनंदवनात गेलो तेव्हा माझी नजर बोटांवरच खिळली. हातमागावरच्या एका आजोबांची बोटं पेरापेरानं आखूड झालेली. धोटा ते तळव्यानंच ढकलत होते. कुष्ठरोगात बोटं 'झडतात' हा आपला समज. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की नस बधिर होते, चटका-जखम कळत नाही, जखम चिघळत हाडापर्यंत जाते आणि शेवटी हाडच विरत जातं. दुखतच नाही म्हणून हात जातो.

बाबांचं घर नेमकं अशा माणसांत होतं. स्वतःचं दुखणं चोवीस तास जागं, आणि सभोवती ज्यांना विस्तवही कळू नये असे हात. त्यांच्या कण्याकडे मी पुन्हापुन्हा वळतो, ते यासाठी.

हे सारं उभं राहिलं ते सहा कुष्ठरोगी, चौदा रुपये आणि एका लंगड्या गायीवर, असं आनंदवनाची मंडळी सांगतात. माझ्या यादीत ती गाय आहे. कोपराच्या बरीच वर.