काळ्या नळीचें रहस्य

जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या बागांत झाडांच्या ओळींबरोबर पसरलेल्या ठिबक सिंचनाच्या नळ्या बहुधा काळ्याच कां असतात? हा रंग शोभेसाठीं नव्हे. तो नळीचें चिलखत होय.

पॉलिएथिलीन हें प्लास्टिक मूळचें दुधी रंगाचें. उन्हांतील अतिनील किरणांनीं त्याच्या लांब रेणुसाखळ्या तुटतात व नळी ठिसूळ होते. म्हणून त्यांत शेंकडा २ ते २.५ भाग काजळी मिसळतात. ती हे किरण शोषून त्यांची उष्णता करते. या काजळीचा मूळ कण सुमारें २० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या ५०,००० व्या भागाइतका असतो.

परंतु इतके सूक्ष्म कण एकाकी रहात नाहींत. परस्पर आकर्षणानें त्यांच्या गुठळ्या बनतात. पिठलें करतांना नुसतें ढवळल्यास बेसनाची गुठळी भांडेंभर फिरते, पण फुटत नाहीं. ती डावानें कांठाशीं चिरडावी लागते. सर्वत्र पसरणें व फुटणें हीं दोन निराळीं कामें आहेत.

कारखान्यांत हीं दोन्ही कामें तापलेल्या नळकांड्यांत फिरणारा मळसूत्री दांडा करतो. वितळलेलें प्लास्टिक प्रथम गुठळीच्या फटींत शिरतें. मग अरुंद जागेंत त्याचे थर एकमेकांवरून घसरतात आणि त्या ताणानें गुठळी दुभंगते किंवा कडेकडेनें झिजते. हा ताण द्रवाच्या दाटपणावर व घसरण्याच्या वेगावर अवलंबून असतो. उष्णता वाढविली कीं मिश्रण चांगलें होईल, ही समजूत म्हणूनच फसवी आहे: द्रव पातळ होतो आणि गुठळी ताणावांचून निसटते. उलट दाट द्रवावर फार जोर केला, तर प्लास्टिकच्याच साखळ्या तुटूं लागतात. कौशल्य आहे तें या दोहोंमधील मार्ग साधण्यांत.

गुठळी राहिली तर? तेथें नळीची भिंत दुबळी होते आणि पाण्याच्या दाबानें तडा तेथूनच सुरू होऊं शकतो. शिवाय गुठळींत अडकलेली काजळी इतरत्र संरक्षणास कमी पडते. चांगली व वाईट नळी डोळ्यांना सारखीच काळी दिसते. म्हणून काजळीचें प्रमाण मोजून भागत नाहीं. नळीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं तपासावा लागतो.

२०१२-१३ च्या दुष्काळांत या जिल्ह्यांतील कितीतरी मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. जेथें पाण्याचा थेंब इतका मोलाचा, तेथें डोळ्यांस न दिसणारी गुठळीही क्षुल्लक म्हणतां येत नाहीं.