जबड्याचा मेळ

दात वाकडे असणे वेगळे आणि जबडा वाकडा असणे वेगळे. पहिल्या दोषात हाडे आपल्या जागी असतात, दातांची रांग तेवढी बिघडलेली असते. तारा लावून ती सुधारते. दुसऱ्यात रांग ज्या हाडावर उभी, ते हाडच पुढे, मागे किंवा एका अंगाला गेलेले असते. कोणाचा खालचा जबडा इतका पुढे असतो की खालचे पटाशीचे दात वरच्यांच्या बाहेर येतात. कोणाचा इतका मागे की झोपेत श्वासाची वाट अडते. कोणाच्या दाढा मिटल्या तरी पुढचे दात उघडेच राहतात, आणि भाकरीचा तुकडा तोडता येत नाही. वाढ पुरी झाल्यावर असा मोठा दोष नुसत्या तारांनी जात नाही. त्याला तारा लावणारा दंतवैद्य आणि शस्त्रवैद्य असे दोघांचे हात लागतात. या दोघांच्या कामाचा क्रम आपण नीट समजून घेतला पाहिजे. तो न समजल्यामुळे माणूस मध्येच घाबरतो, आणि अर्ध्यावर सोडलेला हा उपचार त्याला पहिल्यापेक्षा वाईट स्थितीत टाकू शकतो.

ही विद्या एका दिवसात आलेली नाही. १८४९ साली अमेरिकेतील व्हीलिंग गावच्या सायमन हलिहेन यांनी एका तरुणीची हकीकत प्रसिद्ध केली. लहानपणी भाजल्यामुळे तिच्या मानेची कातडी आखडली होती आणि खालचा जबडा ओढला जाऊन लांबला होता. हलिहेन यांनी हाडाची पाचर कापून काढली व जबडा मागे बसवला. पुढे १९५७ साली ट्राउनर आणि ओब्वेगेझर यांची पद्धत इंग्रजी वाचणाऱ्या वैद्यांपुढे आली. खालच्या जबड्याची मागची बाजू तोंडाच्या आतूनच, फळी उभी चिरावी तशी दुभागायची आणि एक भाग दुसऱ्यावर सरकवायचा, अशी ही युक्ती. हाडाला हाड रुंद टेकते, म्हणून सांधा चांगला धरतो. चेहऱ्यावर व्रणही राहत नाही. वरचा जबडा सबंध सुटा केला तर तो रक्तावाचून मरेल, ही भीती मात्र पुष्कळ दिवस होती. अमेरिकेतील विल्यम बेल यांनी १९७० च्या सुमारास माकडांवर प्रयोग करून दाखवले की टाळू व हिरड्यांच्या मांसातून हाडाला रक्त मिळत राहते.

आता क्रम पाहू. हाडे वाकडी असली तरी शरीर दातांना कलते करून जमेल तसा मेळ घालते. खालचा जबडा पुढे असेल तर खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर. ही तडजोड मोडल्याशिवाय हाडे नीट बसत नाहीत. म्हणून आधी साधारण वर्ष-दीड वर्ष तारा लावून प्रत्येक रांग आपापल्या हाडावर सरळ उभी करतात. याचा परिणाम असा की दोन रांगांतले अंतर वाढते आणि चेहरा पूर्वीपेक्षा अधिक विचित्र दिसू लागतो. शेजारीपाजारी विचारतात, “पैसे देऊन हे काय करून घेतलेत?” याच वेळी धीर धरायचा असतो. हे बिघडणे आधीच ठरलेले असते. ते काम योग्य चालल्याची खूण आहे. अलीकडे काही निवडक रोग्यांवर शस्त्रक्रिया आधी व तारा नंतर असेही करतात. पण तो निर्णय दोघा वैद्यांनी मिळून घ्यायचा असतो.

शस्त्रक्रियेत भूल देण्याची नळी बहुधा नाकातून घालतात, कारण दात मिटून मेळ तपासावा लागतो. आधी बनवलेली पातळ पट्टी दातांमध्ये ठेवून जबडा ठरल्या जागी आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी पक्का करतात. पूर्वी दोन्ही जबडे कित्येक आठवडे तारेने बांधून ठेवावे लागत. आता बहुतेकांना तेवढे लागत नाही. तरी आधी पातळ आणि मग मऊ अन्नावर काही आठवडे काढावे लागतात. खालच्या जबड्यातून ओठाची व हनुवटीची संवेदना नेणारी नस जाते. तिला धक्का बसल्याने बधिरपणा येतो. बहुतेकांचा तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो. हे रोग्याला आधी सांगणे वैद्याचे कर्तव्य आहे, आणि विचारणे हा रोग्याचा हक्क. शेवटी मेळ पक्का करण्यासाठी आणखी काही महिने तारा असतातच.

एक प्रश्न उरतो, तो खर्चाचा व रजेचा. या उपचाराला अनेकदा ‘सौंदर्याची हौस’ म्हणून बाजूला सारले जाते. आम्हाला हे मान्य नाही. ज्याला घास तोडता येत नाही किंवा ज्याची झोप श्वासावाचून मोडते, त्याची मागणी हौसेची कशी? म्हणून आमचे सांगणे असे: पहिली तार लावण्याआधी दोन्ही वैद्यांना एकत्र भेटा. सरकारी दंत महाविद्यालयांत दोन्ही विभाग एका छपराखाली असतात, तिथेही चौकशी करा. चावणे, बोलणे, श्वास यांतली अडचण कागदावर लिहून घ्या, म्हणजे विम्यासाठी व रजेसाठी दाखवता येईल. किती महिने, किती खर्च, किती दिवस कामाबाहेर, हे आधी विचारा. आणि एकदा तार लागली की सांधा धरेपर्यंत काम अर्धे सोडू नका.