वेळासची पहाटफेरी

नोव्हेंबर लागला की वेळासच्या पुळणीवर रोज पहाटे एक माणूस चालू लागतो. सुरूच्या बनातून बाहेर यायचं, भरतीची ओली रेघ गाठायची आणि तिच्या कडेकडेने पुळणीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. नजर वाळूवर. मधोमध पोट घासल्याचा पट्टा आणि दोन्ही अंगांना वल्ह्यांसारख्या पायांचे आलटून पालटून उमटलेले फटकारे, असा माग तो शोधत असतो. एक माग समुद्रातून वर आलेला, दुसरा खाली उतरलेला आणि दोन्हींच्या मध्ये विस्कटलेली वाळू. तिथे रात्री ऑलिव्ह रिडले कासवाची मादी येऊन गेलेली असते.

हा माणूस याच गावातला. त्याला कासवमित्र म्हणतात. कितीतरी पहाटे त्याला काहीच सापडत नाही. तरी दुसऱ्या दिवशी तो पुन्हा निघतो, थेट मार्च सरेपर्यंत. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरचं कासवांचं संरक्षण या फेरीवर उभं आहे. पर्यावरणाच्या कामात पडायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असं कुणी विचारलं की मला आधी ही फेरीच आठवते.

वेळास हे रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, मंडणगड तालुक्यातलं गाव. पेशवाईतल्या नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते ओळखलं जायचं. जवळ बाणकोटचा किल्ला, सावित्रीच्या खाडीपलीकडे हरिहरेश्वर. गावात नारळी-पोफळीच्या वाड्या आणि कौलारू घरं. पुळण मात्र वस्तीपासून सुटी, बनाच्या पलीकडे. घरांतले दिवे तिथवर पोचत नाहीत. मादीला अंडी घालायला असाच अंधार लागतो.

या कामाची सुरुवात झाली ती चिपळूणहून. भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे १९९२ साली ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था काढली. कोकणातल्याच माणसांनी कोकणासाठी उभी केलेली ही संस्था. त्यांनी किनाऱ्यावरच्या समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी केली. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरून पाकोळ्यांची घरटी चोरीला जात होती, ती चोरी थांबवण्यासाठी वनखात्याबरोबर काम केलं. पुढे गिधाडांसाठी आणि खवले मांजरासाठीही ती उभी राहिली. प्राणी बदलत गेले, रीत तीच राहिली: आधी जाऊन बघायचं, मोजायचं, लिहून ठेवायचं आणि मग तिथल्या माणसांशी बोलायला बसायचं.

२००२ साली समुद्रगरुडाच्या पाहणीसाठी संस्थेचे कार्यकर्ते वेळासला आले असताना त्यांना पुळणीवर कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. चौकशी केल्यावर उलगडा झाला. कासवं इथे दर वर्षी येत होती आणि त्यांची अंडी दर वर्षी उकरून नेली जात होती, खाण्यासाठी आणि विकण्यासाठी. माणसाच्या हातून सुटलेली घरटी कुत्री आणि कोल्हे फोडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत या कासवाचं नाव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण त्याला आहे. कायदा कागदावर होता. पुळणीवर त्याच्या वतीने उभं राहणारं कुणी नव्हतं.

त्या वेळी तक्रारी करून, चार जणांना पकडून देऊन संस्थेला मोकळं होता आलं असतं. पण मग दुसऱ्या दिवशी पहाटे त्या वाळूवर कोण गेलं असतं? चिपळूणहून रोज पहाटे वेळासला येणं कुणालाच शक्य नव्हतं. माग ओळखणारे डोळे गावातच होते. विस्कटलेल्या वाळूत नेमकी कुठे काठी खुपसायची, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या अंडी काढताना गावाने मिळवलेलं होतं. संस्थेने तेच ज्ञान राखणीच्या कामाला लावायचं ठरवलं. ग्रामपंचायतीशी बोलणं झालं, वनखात्याला सोबत घेतलं आणि गावातल्याच माणसांनी फेरी सुरू केली. त्या पहिल्या हंगामात ५० घरटी राखली गेली आणि २,७३४ पिल्लं समुद्रात गेली.

फेरी पहाटेचीच का, याचं उत्तर अंड्यात आहे. मादी रात्री पुळणीवर चढते, मागच्या पायांनी दीडेक फूट खोल, मडक्यासारखा खाली रुंद आणि तोंडाशी अरुंद खड्डा खणते. पिंगपाँगच्या चेंडूएवढी, मऊ कवचाची शंभराच्या आसपास अंडी त्यात घालते. वर वाळू लोटून ती अंगाच्या भाराने थोपटून घट्ट करते आणि समुद्रात परतते. त्या घरट्याकडे ती पुन्हा फिरकत नाही. अंडी घातल्यावर पहिले काही तास ती हलवता येतात. त्यानंतर आतला जीव कवचाला धरू लागतो आणि मग अंडं उलटंपालटं झालं तर तो दगावतो. म्हणून उजाडायच्या आत माग सापडायला हवा. कुत्र्यांच्या आधी पोचायला हवं ते वेगळंच.

घरटं सापडलं की हाताने वाळू बाजूला करून अंडी एकेक करून बाहेर काढतात, न फिरवता, जशी असतील तशी. पुळणीवरच भरतीच्या वरच्या अंगाला जाळीचं कुंपण घातलेली जागा असते, तिला सगळे हॅचरीच म्हणतात. तिथे मादीने खणला होता तेवढाच खोल आणि तशाच आकाराचा खड्डा खणून अंडी ठेवायची, वाळू लोटायची, तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावायची. नोंदवहीत तेच पुन्हा लिहायचं. मग वाट बघायची, सुमारे ४५ ते ६० दिवस. मुदत जवळ आली की त्या जागेवर टोपली पालथी घालतात, म्हणजे वर आलेली पिल्लं भरकटत नाहीत आणि पक्ष्यांच्या तोंडीही जात नाहीत.

पण राखणदाराचं घरही चालायला हवं. देणग्यांवर एखाददुसरा हंगाम निघतो, पिढी निघत नाही. या अडचणीतून २००६ साली वेळासला कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं बाहेर पडण्याच्या दिवसांत लोकांनी यावं, गावातल्या घरांत राहावं, जे शिजेल ते जेवावं आणि सकाळ-संध्याकाळ पुळणीवर पिल्लं बघावीत, इतकी साधी ती कल्पना. हॉटेल बांधायचं नाही. पडवीत गाद्या पडल्या, चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या झाल्या, पानात सोलकढी आली. पैसा थेट त्या घरात गेला आणि त्यातला मोठा वाटा घरातल्या बायकांच्या कष्टाचा होता. ज्या अंड्यांना बाजारात एकदाच किंमत मिळत होती, ती जपली तर गावाला दर वर्षी मिळकत देतात, हा हिशेब गावाने स्वतः करून पाहिला.

सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला टोपल्या उचलतात. दोरीच्या मागे पाहुणे उभे राहतात. हात लावायचा नाही, विजेरी लावायची नाही, फ्लॅश मारायचा नाही, दोरीपुढे पाऊल टाकायचं नाही. पिल्लांना पाण्यात सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवतात. तळहाताहूनही लहान, करड्या-काळ्या रंगाचं ते पिल्लू थोडं थांबतं, उजळ क्षितिजाकडे तोंड करतं आणि चालू लागतं. लाट येते, त्याला उलटं पाडते, ते पुन्हा सरळ होतं. तिसऱ्या-चौथ्या लाटेला ते दिसेनासं होतं. दोरीमागचा गलका त्या वेळी आपोआप बसतो. हजारांतलं एखादंच पिल्लू मोठं होतं असं सांगतात.

कधी टोपली उचलली तर खाली कोरडी वाळूच असते. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना हात हलवत परतावं लागतं. मला हे या महोत्सवाचं मोठं बळ वाटतं. इथे तिकीट काढून पिल्लू बघायला मिळत नाही. निसर्गाचं वेळापत्रक आपल्या सुट्टीशी जुळत नाही, हे पुळणीवर उभं राहून कळतं तसं पुस्तकातून कळत नाही.

या कामाला प्रश्नही चिकटलेले आहेत आणि काम करणारी माणसं ते टाळत नाहीत. गर्दी वाढली की किनाऱ्यावर दिवे, गाड्या आणि कचरा वाढतो. अंडी हलवावीत की जागीच राखावीत, हाही प्रश्न आहे. घरट्यातल्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं. तापमान साधारण २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की माद्या वाढतात. म्हणून हॅचरीतली सावली, खड्ड्याची खोली आणि वाळूचा ओलावा या बारीक गोष्टी राहत नाहीत. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने मंडणगड-दापोलीच्या वाड्या झोपवल्या, तेव्हा ज्या घरांत पाहुणे उतरायचे त्यांचीही छपरं उडाली. तरीही पुढच्या हंगामात फेरी निघाली.

वेळासचा कित्ता पुढे केळशी, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी अशा गावांनी गिरवला. वनखात्याने आणि कांदळवन प्रतिष्ठानने जबाबदारी उचलली. एका संस्थेचं काम शासनाचं आणि गावांचं झालं. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी वेळासच्या एका मादीच्या पाठीवर उपग्रह टॅग बसवला आणि तिचं नाव ठेवलं ‘प्रथमा’. २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर ०३२३३ हा क्रमांक सापडला. तो २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर लावलेला होता. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, अशी समजूत होती. तिला धक्का बसला तो रात्री पुळणीवर कुणीतरी जागं होतं म्हणून.

भारताच्या किनाऱ्यावर अशी जाग बऱ्याच ठिकाणी आहे. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थी रात्रभर किनारा चालत घरटी शोधतात. गोव्यात मोरजीच्या गावकऱ्यांनी नव्वदच्या दशकात कासवं राखायला घेतली. तुमच्या गावाला समुद्र नसेल, पण ओढा असेल, टेकडी असेल, तळं असेल, आणि त्याची फेरी मारणारी चार माणसंही बहुधा असतील. त्यांना गाठा. त्यांच्याकडे मोठं काम मागू नका. रोज किंवा दर आठवड्याला करायचं लहानसं काम मागा. नोंदी लिहिणं, पाण्याची पातळी बघणं, रोपांना पाणी घालणं. पहिले काही महिने ऐका. तिथली जुनी माणसं, गुराखी, कोळीण, पागी जे सांगतील ते लिहून घ्या. कासवाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: उत्साहाच्या भरात घरट्याला हात लावायचा नाही, परवानगीशिवाय तो गुन्हा आहे. जखमी कासव किनाऱ्याला लागलं तर ते पाण्यात ढकलू नका, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. पहिल्या हंगामातल्या त्या २,७३४ पिल्लांपैकी जी थोडी जगली असतील, त्यांतल्या माद्या आता अंडी घालायच्या वयाच्या आहेत. पहाटे दिसणारा माग त्यांच्यातल्या एखादीचाही असू शकेल. माग बघून ते सांगता येत नाही आणि कासवमित्र तसा दावाही करत नाहीत.

त्यांच्या कामाचा शेवट वेगळाच असतो आणि तो बघायला पाहुणे सहसा थांबलेले नसतात. पिल्लं निघून गेल्यावर घरटं पुन्हा उकरतात. रिकामी टरफलं वेगळी करायची, न उबलेली अंडी वेगळी, आतच गेलेली पिल्लं वेगळी. तिन्ही मोजायची. पाटीवर लिहिलेल्या अंड्यांच्या आकड्याशी ही बेरीज जुळायला हवी. नाही जुळली तर वाळूत पुन्हा हात घालायचा. जगलेली किती आणि न जगलेली किती, दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिले की त्या घरट्याचं काम संपतं. मग खड्डा बुजवून, टोपली उचलून माणूस पुढच्या पाटीकडे जातो.