वायुराशींची सरहद्द

हवा ज्या मुलखावर काही दिवस स्वस्थ मुक्काम ठोकते, त्याची उष्णता आणि आर्द्रता ती हळूहळू अंगी बाणवते. सैबेरियाच्या हिमाच्छादित भूमीवर ती थंड व कोरडी होते, अझोर्सजवळच्या सागरावर उबदार व बाष्पयुक्त. शेकडो मैल पसरलेल्या अशा एकजिनसी हवेला वायुराशी म्हणतात, आणि दोन भिन्न प्रकृतीच्या वायुराशी भिडल्या की त्या सहसा मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये जी सरहद्द आखली जाते, तीच आघाडी.

पहिल्या महायुद्धात परदेशी हवामानवार्ता बंद पडल्या, तेव्हा 1917 साली नॉर्वेतील बर्गन येथे आलेल्या हवामानशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्यर्कनेस यांनी किनाऱ्यावर निरीक्षकांची ठाणी वाढवली. त्या दाट नोंदींतूनच त्यांचे चिरंजीव याकोब यांनी, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, 1919 मध्ये अशा सरहद्दींवर घडणाऱ्या आवर्ताची रचना उलगडली. माझ्या मते हवामानशास्त्रातील हे सर्वांत देखणे प्रकरण होय.

उष्ण आघाडी येते ती आगाऊ वर्दी देऊनच: प्रथम पिंजलेल्या कापसासारखे तंतुमेघ, मग चंद्राभोवती खळे, मग आभाळ करडे होऊन तासन्‌तास रिपरिप, कारण उबदार हवा थंड हवेच्या पाचरीवरून अत्यंत मंद उताराने चढत असते. शीत आघाडीची चढण मात्र उभी. गडगडाट, सरी, वाऱ्याचा पालट आणि वायुभाराची उसळी, सारे थोडक्यात आटोपते.

आपल्या उष्ण कटिबंधात या आघाड्यांचा अंमल फारसा चालत नाही. तथापि पश्चिमी विक्षोभ हिमालयावर बर्फ टाकून पूर्वेस सरकला, की त्यामागून उतरणारी उत्तरेची कोरडी हवा निफाडचा पारा खाली खेचते, आणि द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.