गुणपत्रक खालून वर

उदगीरच्या बसस्थानकात सकाळी नऊनंतर एकामागून एक गाड्या लागतात. देवर्जनची, हंडरगुळीची, जळकोटची. जून आहे. एक पाऊस होऊन गेलाय आणि ऊन पुन्हा चढलंय. हवेत ओल्या मातीचा वास कमी, डिझेलचा जास्त. उतरणाऱ्या बापांच्या पायजम्यांना काळी माती वाळून चिकटलेली. पेरणी तोंडावर असताना माणसं शेत सोडून आलीत. सोबत पोरगा किंवा पोरगी, हातात बटणाची प्लास्टिक फाइल. फाइलीत बारावीचं गुणपत्रक.

रस्त्याला लागलं की डोक्यावर फलक सुरू होतात. नीट, ७२० पैकी अमुक. जेईई, अमुक पर्सेंटाइल. हसरे चेहरे, गळ्यात हार. लातूर इथून साठ-पासष्ट किलोमीटर, पण 'लातूर पॅटर्न'चे फलक इथल्या चौकातही उभे आहेत. फाइल घेऊन चाललेल्या मुलांचे फोटो कुठल्याच फलकावर नाहीत. ही चाळीस-पन्नास टक्क्यांची मुलं आहेत. जिल्ह्यातली बरीचशी मुलं अशीच आहेत.

महाविद्यालयाच्या फाटकावर रंगवलेली पाटी: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड, संलग्नित. एक म्हातारे गृहस्थ ती अक्षर-अक्षर वाचतात आणि शिपायाला विचारतात, "म्हणजे नांदेडला जावं लागतंय का रोज?"

"नाही मामा. विद्यापीठ नांदेडला. तास इथंच."

मामांचा चेहरा सैल होतो. नांदेड शंभर किलोमीटर आहे. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला, मराठवाडा मुक्तिदिनी सुरू झालं. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्याकडे. त्याआधी इथली पदवी १९५८ साली निघालेल्या औरंगाबादच्या विद्यापीठाची असायची.

आत पत्र्याच्या शेडखाली रांग. पत्रा तापलाय. पंखा एकच, तो कारकुनाच्या बाजूला वळलेला. रांगेत मराठी आहे, उर्दू आहे, कर्नाटकच्या कडेच्या गावांतलं कानडीही कानावर येतं. झेरॉक्सचं मशीन फाटकाबाहेर घरघरतंय आणि तिथली गर्दी इथल्यापेक्षा मोठी आहे. टीसी, आधार, जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, एबीसी आयडी. प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती.

खिडकीपाशी प्रश्न ठरलेले आहेत.

"किती टक्के?"

"अठ्ठेचाळीस."

"शाखा?"

"सायन्स. बीसीए करायचंय."

"सीईटी दिलती का?"

मुलगा बापाकडे बघतो. बाप मुलाकडे. २०२४ पासून बीसीए, बीबीएला सीईटी लागते, हे गावात कुणी सांगितलेलं नाही. परीक्षा होऊन गेलीय. दोघं रांगेतून बाजूला होतात, पण जात नाहीत.

मला या रांगेत सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. प्रवेश अवघड नाही. बी.ए., बी.कॉम.ला बारावी पास पुरतं, आणि बहुतेकदा जागा शिल्लक राहतात. अडतं ते कुठं जायचं हे ठरवताना. सातशेवीसवाल्या मुलाला सल्ला देणारे दहा जण असतात. अठ्ठेचाळीसवाल्याला टक्का विचारतात आणि पुढच्याला हाक मारतात.

इथं मात्र शेडच्या टोकाला एक टेबल टाकलंय. त्यामागे एक प्राध्यापक. पाटी नाही, पण मुलं तिकडं वळतात. आमचा बीसीएवाला पोहोचतो. सर टक्के विचारत नाहीत, गुणपत्रक मागतात. चष्मा वर सारून खालून वर वाचतात.

भूगोल ६४. जीवशास्त्र ४७. रसायन ४०. भौतिक ३७. इंग्रजी ४१. मराठी ५९. एकूण ६०० पैकी २८८.

"भूगोलात चौसष्ट कसे रे?"

"आवडतंय, सर." मुलगा पहिल्यांदाच मान वर करतो. "नकाशे पटकन जमतेत."

"मग बीसीए कशाला?"

"सगळे म्हणतेत, कॉम्प्युटर कर."

सर कोऱ्या कागदावर लिहायला लागतात. बी.ए., मुख्य विषय भूगोल. प्रात्यक्षिकं आहेत, नकाशाचं काम पुढं संगणकावरच चालतं. तुकडी अनुदानित, फी घरातून निघेल अशी. विनाअनुदानित अभ्यासक्रमाची फी काही पटींनी जास्त, ते बापाला समोर बसवून सांगतात. बाप शांत ऐकतात, मग अडतात.

"सर, पोरगं सायन्स केलंय. आता बीएला टाकलं तर गावात हसतेत की."

"हसू द्या दादा. राज्यसेवेला पदवी लागते, तिथं पदवीचे टक्के कुणी विचारत नाही. बी.एड.ला मात्र विचारतात. खुल्याला पदवीत ५० लागतात, राखीवला ४५. आवडीच्या विषयात ते पडतात. नावडत्यात हा पुन्हा अठ्ठेचाळीसवर येईल."

कागद घडी होऊन बापाच्या खिशात जातो. ते लगेच हो म्हणत नाहीत. शेडबाहेर लिंबाखाली जाऊन कुणाला तरी फोन लावतात.

टेबलाशी आता जळकोटकडची एक मुलगी. घरी देवणी गाई आहेत. तिला जनावरांचं डॉक्टर व्हायचंय, आणि पशुवैद्यकीय महाविद्यालय याच गावात आहे. पण तिथं नीटमधून प्रवेश, आणि नीट तिनं दिलेलीच नाही. सर तिला खोटी आशा लावत नाहीत. "बी.एस्सी. प्राणिशास्त्र घे. सोबत नीट द्यायची तर वर्षभर कसा अभ्यास करायचा ते बसून ठरवू. नव्या धोरणात एका वर्षानं थांबलीस तरी प्रमाणपत्र मिळतं, केलेलं वाया जात नाही." ती मान हलवते, पण तिचा प्रश्न निराळाच आहे. बारावीपर्यंत एसटीचा पास फुकट होता, आता काय?

"आता पैसे पडतात. विद्यार्थी पासात एक तृतीयांश भरायचे. शेवटची गाडी कितीला?"

"साडेपाचला."

सर वेळापत्रक काढतात. प्रात्यक्षिकाची तुकडी सकाळची का दुपारची, यावर तिची तीन वर्षं ठरणार आहेत. माहितीपत्रकात हे कुठंच छापलेलं नसतं. ते तिचं नाव सकाळच्या तुकडीपुढं पेन्सिलीनं लिहितात.

एक वाजतो. सेतू केंद्रावरून आलेला एक जण सांगतो, सर्व्हर बंद आहे, उत्पन्नाचे दाखले आज निघत नाहीत. रांगेत कुजबुज वाढते. अनुसूचित जातीच्या मुलांना शिष्यवृत्तीसाठी अडीच लाखांच्या आतला दाखला लागतोच. कारकून खिडकीतून डोकं बाहेर काढून मोठ्यानं सांगतो, "दाखल्याची पोच चालेल. पोच लावा, फॉर्म भरा, दाखला आठ दिवसांत आणून द्या. कुणी परत जाऊ नका."

लिंबाखालचे बाप फोन खिशात टाकून परत येतात. थेट खिडकीशी. पुन्हा रांगेत उभं राहायला लागू नये म्हणून पुढचे दोघं वाट देतात.

"बीए. भूगोल," ते म्हणतात. "फी किती भरायची सांगा."